खांबेट्यांच्या फियाटची टकटक

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्यावरून थोडं पुढे गेलं की एका फणसाखाली काशीराम मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. ज्याची गाडी बंद पडते त्याला रस्ता कुणीही दाखवतो, पाटी कशाला, असं काशीरामचं म्हणणं. खरं तर एकदा पाटी रंगवून आणली होती. पण रंगाऱ्याने ‘मिस्त्री’ऐवजी ‘मेकॅनिक’ असं लिहिलं म्हणून काशीरामने ती उलटी करून तिच्यावर पाने-पक्कडी ठेवायला सुरुवात केली. माणूस असा तिरसट होता, आणि आपण तिरसट आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं.

मूळचा तो लांज्याकडचा. पंधराव्या वर्षी मुंबईला गेला आणि ग्रँट रोडच्या एका गॅरेजात नट-बोल्ट रॉकेलात धूत बसला. धुता धुता शिकला. एकोणीस वर्षांनी गावाकडच्या बायकोपोरांना घेऊन रत्नागिरीत बिऱ्हाड केलं, तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती, पेटीत पाने होते आणि डोक्यात चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीबद्दल माणसाला जेवढं कळू शकतं तेवढं सगळं होतं. डिझेलला तो हात लावत नसे. “डिझेल ढकलला की चालता,” तो म्हणायचा. “पेट्रोलला इचारावा लागता, बाय, काय होताय तुला म्हणून.”

त्यातही जुनी फियाट म्हणजे त्याचा जीव की प्राण. एक हजार एकोणनव्वद सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह आणि ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. हा क्रम त्याच्या अंगात इतका मुरला होता की घरी चार पोरांना जेवायला हाक मारतानाही पहिल्यानंतर तिसऱ्याचं नाव तोंडात यायचं आणि दुसरी मैना शेवटी राहायची. तिने एकदा रडून जाब विचारला, तेव्हा “तुझ्याशिवाय फेराच पुरा होत नाय,” अशी त्याने तिची समजूत काढली. मैनाला ते पटलं नाही, पण ती जेवली.

फियाटची दुखणी त्याला घरच्या माणसांच्या दुखण्यांसारखी पाठ होती. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरते आणि गाडी सकाळी खोकत उठते. टोपी पुसून चुलीपाशी शेकवावी. उन्हाळ्यात हातखंब्याच्या चढावर पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी मान टाकते. पंपाला ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं गप्प बसावं. लोक गप्प बसत नाहीत, स्टार्टर मारत राहतात आणि बॅटरीही घालवून बसतात. निळा धूर आला तर रिंगा गेल्या, काळा आला तर कार्बोरेटर जास्त पितोय, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेडचं गॅसकेट जळलं. आणि यातलं काहीच दिसत नसलं, तर लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. काशीरामचं हे ध्यान बघायला नाक्यावरचे रिकामटेकडे जमत.

अशा या माणसाने बारा वर्षं एक गाडी मनाविरुद्ध बिघडलेली ठेवली होती. ती खांबेट्यांची.

अण्णा खांबेटे गुरांचे डॉक्टर. भाट्याचा पूल ओलांडून, सुरूच्या बनाकडेने जाऊन रस्ता चढणीला लागतो, तिथे वरच्या वळणावर त्यांचं घर. आजूबाजूच्या पन्नास गावांतल्या गाई-म्हशी त्यांच्या ओळखीच्या. अडुसष्ट साली त्यांनी राखाडी रंगाची फियाट घेतली आणि तिचा सगळा कारभार काशीरामच्या हवाली केला. गाडी घासून-पुसून ठेवणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं. मागच्या सीटवर पेंड, पायाशी शेण आणि डिकीत बाळंतपणाचे दोर.

चौऱ्याहत्तर साली राजापूरकडच्या एका वाडीत गाय अडली होती. अण्णा निघाले, आणि वाटेत इंजिनाच्या वरच्या झाकणाचं बुचाचं गॅसकेट फाटून तेल गळायला लागलं. वास येत होता, दिवाही लागला. अण्णा थांबले नाहीत. वासरू आडवं आलं होतं, थांबलो असतो तर दोन्ही गेली असती, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी काशीरामला सांगितलं. गाय वाचली, वासरू वाचलं, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या रॉकरला खड्डा पडला. रॉकर म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावर टिचक्या मारणारी बोटभर लांबीची लोखंडी पट्टी. तिच्या टोकाला खड्डा पडला की ती आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फटीचं माप कितीही बरोबर लावा, टिचकी खड्ड्यात पडते आणि वाजते. टक, टक, टक.

“अण्णा, नवा रॉकर टाकूया,” काशीराम म्हणाला.

“त्याने गाडी मरत्ये का, मिस्त्री?”

“मरत नाय. पण वाजता.”

“मग वाजू दे की. माझे गुडघेही वाजतात.”

हा संवाद पुढे दर सहा महिन्यांनी झाला. काशीरामला ती टकटक ऐकली की दातात काहीतरी अडकल्यासारखं होई. नाक्यावरून अण्णांची गाडी गेली की गिऱ्हाइकं म्हणत, मिस्त्री, तुमच्या हातची गाडी वाजत्ये. तो मान खाली घालून पाना फिरवत राही.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर अण्णा गेले. सकाळी अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. मुलगा बडोद्याला, तो आला, दिवस करून गेला. घरी उरल्या त्या अण्णांच्या पत्नी उमावहिनी आणि पडवीला लागून असलेल्या पत्र्याखाली गाडी. वहिनी शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. तेराव्यानंतर त्यांनी काशीरामला बोलावून घेतलं आणि खुंटीवरची किल्ली दाखवली.

“दर गुरुवारी येऊन अर्धा तास चालू करून ठेवत जा, मिस्त्री. बॅटरी उतरू नये.”

गुरुवारी गॅरेज बंद असे. काशीराम सायकल मारीत पूल ओलांडून यायचा, गाडी सुरू करायचा. वहिनी पडवीत पाठ करून बसायच्या, तांदूळ निवडत. बोलायच्या नाहीत. अर्ध्या तासाने त्याने इंजिन बंद केलं की त्या जरा वेळ तशाच बसत, मग आत जाऊन त्याला चहा आणून देत. बाईमाणूस असून बॅटरीची काय काळजी करतात, असं काशीरामला वाटायचं आणि त्यांच्याबद्दल आदर वाढायचा. किती भोळा माणूस.

वर्षश्राद्ध जवळ आलं. अण्णांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, असं काशीरामच्या मनाने घेतलं. हा विचार चांगला होता आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. त्याने मुंबईच्या जुन्या जोडीदाराला पत्र टाकून नवा कोरा रॉकर मागवला. गुरुवारी गेला, झाकण उघडलं, बारा वर्षं सलणारी ती पट्टी काढली, नवी बसवली, आठही फटी मापाने लावल्या, पॉइंट घासले, प्लग साफ केले. गाडी सुरू केली. मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढून झाकणावर उभं ठेवलं. नाणं उभंच राहिलं. इंजिन चालू आहे हे नुसतं नाण्याकडे बघून कळलं नसतं. त्याला इतकं भरून आलं की त्याने वहिनींना हाक मारली.

“वहिनी, ऐका.”

वहिनी उठून पायरीपर्यंत आल्या. त्यांनी कान दिला.

“काही ऐकूच येत नाही,” त्या म्हणाल्या.

“तेच तर,” काशीराम म्हणाला. “अण्णांचा राहिलेला काम पुरा केला.”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. काशीरामने हात पुसले, किल्ली खुंटीला लावली आणि बायका अशा वेळी हळव्या होतात अशी मनाची समजूत घालून तो निघाला. निघताना जुना रॉकर त्याने खिशात टाकला आणि गॅरेजात पोचल्यावर भंगाराच्या डब्यात भिरकावला. त्या ठणकन झालेल्या आवाजाचाही त्याला आनंद झाला.

पुढच्या गुरुवारी खुंटीवर किल्ली नव्हती.

“आता नको, मिस्त्री,” वहिनी दारातूनच म्हणाल्या. “गाडी विकून टाकत्ये. देवरुखचे एक गृहस्थ सोमवारी बघायला येणार आहेत.”

“विकताय? आत्ताशी कुठे ती नीट झालीय.”

“नीट झाल्ये ना? मग किंमत चांगली येईल.”

बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काशीरामला बरं वाटलं असतं. तो सायकल हातात धरून सबंध उतार पायी उतरला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. गंगा मागच्या दारी कुळीथ पाखडत होती. सांगताना काशीरामने रॉकर, खड्डा, नाणं, काहीच गाळलं नाही. तिने सूप खाली ठेवलं.

“आवो, येवढा कळत नाय तुमाला?” ती म्हणाली. “त्या टकटकीसाठी ती किल्ली द्येत व्हती. तिच्या घोवाचा तेवढाच आवाज ऱ्हायला व्हता. तोच तुमी बंद क्येलाव.”

“गाडीचा आवाज तो. माणसाचा न्हवं.”

गंगाने कुळथातला एक खडा वेचून टाकला. मग सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, “तुमी मुंबैला व्हताव. आपल्या तिठ्यावर सांजची यष्टी यायची, ती वळणावर गेर टाकताना कशी किरकिरायची, ठाव हाय?”

“त्या गाडीचा क्लच गेलेला असणार.”

“आसंल. मी इहिरीवर आसायची. किरकिर आयकली की कळशी भायेर ठेवायची न् हुबी ऱ्हायची.”

“मी वर्षातनं दोनदा यायचो. शिमग्याला न् गणपतीला.”

“तुमी दोनदा,” गंगा म्हणाली. “यष्टी रोज यायची.”

लग्नानंतरची मुंबईतली सगळी वर्षं. काशीरामला आकडेमोड येत होती, त्याने ती केली नाही. ही गोष्ट गंगाने आजवर कधी सांगितली नव्हती आणि त्यानेही विचारली नव्हती. इंजिनाला कान लावून आयुष्य गेलं आणि घरातलं हे एवढं ऐकायचं राहून गेलं, याची त्याला लाज वाटली. तो उठला आणि गुरुवार असूनही गॅरेज उघडलं.

भंगाराचा डबा रिकामा होता. परवाच सदू भंगारवाल्याने नेला होता. काशीराम सदूकडे गेला. माल कालच कोल्हापूरच्या ट्रकमध्ये भरला होता. “कसला नग होता, मिस्त्री?” सदूने विचारलं. “सोन्याचा होता की काय?” काशीराम मागे वळला. बारा वर्षं जो खड्डा त्याच्या डोळ्यांना खुपला, तो आता कुठल्या तरी भट्टीत वितळणार होता.

शुक्रवारी तो भाट्याला गेला. एक काम राहिलंय म्हणाला. वहिनींनी किल्ली दिली. त्याने झाकण उघडून तिसऱ्या सिलिंडरचा रॉकर सैल केला, फट वाढवली, गाडी सुरू केली. टक टक झालं. तो वहिनींकडे बघत राहिला.

वहिनींचे हात तांदळात थांबले होते. त्यांना कळलं, हा काय करतोय ते. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. फक्त म्हणाल्या, “हा नव्हे, मिस्त्री. हा टाचा आपटल्यासारखा वाजतोय. तो मऊ होता.”

आणि मग अठरा वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं बोलल्या. अण्णांची घरी यायची वेळ ठरलेली नसे. गाय कधी विणार हे कोण सांगणार? पण गाडी खालच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आली की टकटक ऐकू यायची. मग त्या चहाचं आधण ठेवायच्या. आधण उकळेपर्यंत गाडी पत्र्याखाली यायची, अण्णा हातपाय धुवायचे आणि चहा गाळला जायचा. गेल्या वर्षी, ते गेल्यावरही, दर गुरुवारी त्या पाठ करून बसायच्या. पाठ केली की गाडी उभी आहे की येत्ये ते दिसत नाही.

“मला कळायला हवं होतं,” काशीराम म्हणाला.

“तुम्ही तुमचं काम केलंत. ते चांगलंच होतं, म्हणून तर बोलता येईना.”

काशीरामने रॉकर काढून फडक्यात गुंडाळला आणि गॅरेजात आणला. आता जे करायचं होतं ते त्याने कधी केलं नव्हतं. नवा कोरा, आरशासारखा घासलेला नग मुद्दाम बिघडवायचा. ग्रँट रोडला वस्ताद असता तर त्याने कानफटात दिली असती. कानस लावली तर ती घसरली, लोखंड कडक होतं. मग त्याने बारीक एमरीचा दगड घेतला आणि तेलाचा थेंब टाकून, अंगठ्याने चाचपत, हळूहळू खड्डा पाडायला लागला. जुना खड्डा त्याच्या अंगठ्याला पाठ होता. मधोमध नव्हे, किंचित डावीकडे. खोल नाही, पसरट, कडा मऊ. बारा वर्षं दर वेळी तो खड्डा चाचपताना त्याने अण्णांना मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आज अण्णांची अशी काही आठवण येत होती की दोनदा दगड खाली ठेवून त्याला बाहेर फणसाखाली जाऊन उभं राहावं लागलं.

शनिवारी त्याने तो बसवला, ऐकला, काढला. आणखी दोन हात मारले. पुन्हा बसवला. या खेपेला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायची गरज पडली नाही. दातात काहीतरी अडकलं. बारा वर्षांचं तेच जुनं, नकोसं वाटणारं दुखणं. त्याने इतक्या आनंदाने ते कधी ऐकलं नव्हतं.

वहिनी पायरीवर आल्या. बराच वेळ ऐकत होत्या.

“हाच,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “पण असा नव्हे. ते असताना दारात उभ्या गाडीचा मी हा कधी ऐकलाच नाही. खालून आणाल का?”

“आणतो की.”

“त्या देवरुखकरांना मी निरोप धाडत्ये, येऊ नका म्हणून.” त्या आत वळल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. काशीरामकडे न बघता म्हणाल्या, “आणखी एक, मिस्त्री. गाडी लावलीत की पडवीत येऊ नका. रागावू नका, पण पुढच्या दाराने कुणी यायला नको. मागच्या आगरातनं खाली वाट जात्ये.”

काशीरामने मान डोलावली. गेल्या तीन दिवसांत तो बराच शिकला होता.

गाडी घेऊन तो पुलापर्यंत गेला. पुलावर वळवली. ऊन कलतं होतं, खाडीत भरती लागली होती. सुरूच्या बनाकडेने तो सावकाश आला, चढणीला लागला, खालच्या वळणावर त्याने स्टिअरिंगजवळचा गिअर दुसऱ्यात टाकला. इंजिनावर भार आला आणि तिसऱ्या सिलिंडरने बोलायला सुरुवात केली. टक, टक, टक. अण्णा गाडी जरा घाईने चढवत, त्यानेही चढवली. जिथे अण्णा ॲक्सिलरेटर सोडायचे तिथे त्याने सोडला. फाटकातून आत घेतली, पत्र्याखाली लावली, बंद केली. अण्णांच्या बाजूचं दार एका आपटीत लागायचं नाही. अण्णा ते दोनदा आपटायचे. दाराची कडीही त्याला कधीची बदलायची होती. त्याने ते दोनदा आपटलं.

मग तो घराच्या कडेने मागे वळला. पोफळींच्या वाटेवर स्वयंपाकघराची खिडकी होती. तिच्याखालून जाताना त्याला स्टोव्हचा आवाज आला, बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दुसऱ्या बशीवर दुसरा कप.

“आलात?” आतून उमावहिनी म्हणाल्या. असा आवाज काशीरामने त्यांचा कधी ऐकला नव्हता. “हातपाय धुऊन घ्या. चहा गाळत्ये.”

काशीरामने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि पाचोळा वाजणार नाही अशा बेताने तो आगरातून खाली उतरला.